ऑगस्टमध्ये दगड झालेली साखर आणि जानेवारीतला हॉपर

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर भागातला रोज 2500 टन गाळपाचा कारखाना. एम-30 (मध्यम रव्याची) साखर, 50 किलोची पीपी म्हणजे प्लॅस्टिकची पोती. जानेवारी-फेब्रुवारीत भरताना साखर सुटी होती, लॅबने ओलावा 0.05 टक्क्यांच्या आत दाखवला होता. ऑगस्टमध्ये त्यातली बरीच पोती दगड निघाली आणि व्यापारी लॉट उचलायला तयार नाही. शिवाय हॉपर (साखर हलवत पुढे नेत वाळवणारा आणि गार करणारा कन्व्हेयर) आणि ग्रेडर (रवे आकारानुसार वेगळे करणाऱ्या चाळण्या) यांच्या मजल्यावर भुकटी इतकी उडते की शिफ्ट संपेपर्यंत जिने पांढरे होतात. कुणी म्हणतं साखरेत गोळे न होण्याची पावडर मिसळा, कुणी म्हणतं भुकटीवर पाण्याचा बारीक फवारा मारा, आणि प्रोसेसवाले म्हणतात दोष गोडाऊनच्या छताचा.

दोन सल्ले आधी बाद करतो. पावडर मिसळणं पिठीसाखरेत चालतं, तिच्यात स्टार्च असतो हे घेणाऱ्याला माहीत असतं. एम-30 च्या पोत्यात दुसरं काही गेलं की ती एम-30 राहत नाही. आणि पाण्याचा फवारा म्हणजे भुकटीचा पाक करून तोच साखरेच्या रव्यांना (स्फटिकांना) चिकटवणं. दगडी कोळसा किंवा खडी असती तर फवारा बरोबर होता; पाण्यात विरघळणाऱ्या मालावर तो कधीच नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही भुकटी आणि गोळे असे दोन प्रश्न विचारलेत, पण ते सख्खे भाऊ आहेत. रवा फुटला की दोन गोष्टी होतात. हलका भाग हवेत उडतो, त्याला तुम्ही धूळ म्हणता. जड भाग साखरेबरोबर पोत्यात जातो आणि मोठ्या रव्यांच्या मधल्या फटीत बसतो. एम रवा साधारण 1.18 मिमीच्या चाळणीवर राहणारा. असे दोन मोठे रवे एकमेकांना दोन-चार ठिकाणी टेकतात. त्यांच्या मध्ये 0.2 मिमीचा चुरा भरला की टेकण्याच्या जागा कितीतरी पटींनी वाढतात, आणि गोळा धरतो तो या टेकण्याच्या जागांवरच. म्हणून मजल्यावरची भुकटी निम्मी केली की गोडाऊनमधल्या गोळ्यांनाही उतार पडतो. हे दोन खाती आपापल्या रजिस्टरात वेगवेगळं लिहितात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

गोळा धरतो कसा, हे नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. साखर ओली झाल्यामुळे दगड होत नाही. ओली झालेली साखर पुन्हा वाळते तेव्हा दगड होते. प्रत्येक रव्यावर पाकाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. दोन रवे टेकतात तिथे तो दोघांत सामाईक होतो. हवा कोरडी झाली की त्यातलं पाणी उडतं, साखर तिथेच स्फटिकरूपात बसते आणि दोन रव्यांमध्ये पूल तयार होतो. पावसाळ्यात पोती दाबली तर मऊ लागतात. मग ऑक्टोबरात ऊन पडतं, कुणीतरी हौसेने सगळी दारं उघडतं, आणि आठवड्याभरात तीच पोती दगड. दोष मात्र ऑक्टोबरच्या उन्हाला लागतो.

पाणी येतं कुठून? शक्यता तीनच: पोतं भरतानाच आत होतं, भरल्यावर आतल्या आत सरकलं, किंवा पावसाळ्यात बाहेरून आलं. तुमच्याकडे यातलं कोणतं, हे तुमच्या प्रश्नावरून मला सांगता येणार नाही. पण तुम्हाला गोडाऊनमध्ये उभं राहून तासाभरात कळेल. गोळा पोत्यात कुठे आहे आणि ते पोतं थप्पीत कुठे आहे, एवढंच पाहायचं.

थप्पीच्या फक्त बाहेरच्या रांगांतली, दाराकडची किंवा भिंतीकडची पोती धरली असतील आणि आतली सुटी असतील, तर पाणी बाहेरच्या हवेतून आलंय. फक्त खालचे दोन-तीन थर धरले असतील तर फरशीतून ओल चढते आहे, किंवा नुसता दाब आहे. 30 थरांची थप्पी असेल तर सगळ्यात खालच्या पोत्यावर 29 पोती म्हणजे 1450 किलो वजन असतं. दाबाचा गोळा आणि पुलाचा गोळा ओळखायला सोपा: पोतं कमरेएवढ्या उंचीवरून एकदा सपाट टाका. दाबाचा गोळा फुटून सुटा होतो, पुलाचा तसाच राहतो. फक्त वरचा थर खराब असेल तर पत्र्याच्या आतून पाणी ठिबकतंय, म्हणजे दिवसा तापलेली दमट हवा रात्री गार पत्र्याला लागते आहे. आणि थप्पीच्या मधोमधची पोतीसुद्धा, प्रत्येक पोत्याच्या बाहेरच्या सालीला कडक आणि गाभ्यात सुटी असतील, तर छताला दोष देऊ नका. ती साखर गरम भरली गेली आहे.

दगड निघालेल्या पोत्यांचे लॉट नंबर आणि तारखा एका कागदावर लिहून काढा. त्या ठराविक दिवसांवर किंवा एखाद्याच शिफ्टवर येऊन थांबत असतील, तर गोडाऊनकडे बघायचंच नाही, त्या तारखांचं पॅनचं (पाक आटवून रवा वाढवायच्या भांड्याचं) आणि सेंट्रिफ्युगल मशीनचं (रव्यावरचा पाक फिरवून काढणाऱ्या यंत्राचं) लॉगबुक उघडायचं. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून (भरताना सुटी, सहा महिन्यांनी दगड, 'बरीच पोती') माझा पहिला संशय गरम भरण्यावर आहे. तुमच्या प्रश्नात एक आकडा राहून गेलाय आणि नेमका तोच हवा होता: पोतं शिवताना साखरेचं तापमान किती होतं?

तापमानाला एवढं महत्त्व का, ते एका पोत्यापुरतं पाहू. रव्यात अडकलेल्या पाण्यासकट (त्याबद्दल पुढे) 50 किलो साखरेत 0.08 टक्के पाणी धरू, म्हणजे 40 ग्रॅम. पोत्याची बाहेरची एक सेंटिमीटर जाडीची साल वेगळी धरली तर ती पोत्याच्या जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे साधारण 10 किलो भरते. पोतं 48 अंशांना शिवलं आणि जानेवारीच्या रात्री 15 अंशांच्या भिंतीशेजारी ठेवलं, की गाभा गरम आणि साल गार. गरम गाभ्यातली वाफ गार सालीकडे सरकते. गाभ्यातलं नुसतं 15 ग्रॅम पाणी सालीत आलं तरी तिथला ओलावा 0.15 टक्क्यांनी वाढतो. बाहेरून एक थेंब न येता पोत्याच्या सालीत 0.2 टक्क्यांवर ओलावा गेला! लॅबने त्या पोत्याचा नमुना काढून सरासरी पाहिली तर आकडा अजूनही 0.08 च येणार. मोठ्या थप्पीत हेच सगळ्या थप्पीच्या पातळीवर होतं, आणि साखर उष्णता इतकी हळू सोडते की गाभा गार व्हायला महिने लागतात.

दुसरी गोम लॅबच्या आकड्यात आहे. ओव्हनमध्ये 105 अंशांना तीन तास ठेवून येतो तो मुख्यतः पृष्ठभागावरचा, सुटा ओलावा. हॉपरवर साखर खूप गरम हवेने झटक्यात वाळवली की रव्याच्या बाहेरच्या पाकाला वरून काचेसारखी साय धरते आणि खालचं पाणी अडकून राहतं. ते पुढच्या दोन-तीन दिवसांत हळूहळू बाहेर येतं. तोवर पोतं शिवून थप्पीत गेलेलं असतं. म्हणून भरतानाचा 0.05 खोटा नसतो, पण अपुरा असतो. उपाय सोपा आहे: भरतानाच्या साखरेची घट्ट झाकणाची बाटली तोंडापर्यंत भरून ठेवा, तीन दिवसांनी त्याच बाटलीतल्या साखरेचा ओलावा पुन्हा काढा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा ठळक जास्त आला, तर तुमचं वाळवणं घाईचं आहे.

त्याहून चांगली चाचणी समतोल आर्द्रतेची, म्हणजे बंद बरणीत साखरेवरच्या हवेची आर्द्रता शेवटी जिथे थांबते तिची. बरणीत तीन-चतुर्थांश साखर, वर मोकळ्या जागेत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक), झाकणाला टेप, आणि बरणी 24 तास एकाच तापमानाला. आत 65 टक्क्यांच्या खाली स्थिरावलं तर ती साखर पावसाळा काढेल. 70 च्या वर गेलं तर ती आधी विकायची, थप्पीच्या तळाला घालायची नाही. शुद्ध साखर साधारण 85 टक्क्यांच्या आसपास पाणी ओढायला लागते, पण रव्यावर इन्व्हर्ट साखर (साखर फुटून झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज) आणि राख (क्षार) असलेला पाक राहिलेला असला की ती मर्यादा खाली येते. म्हणून धुलाई कमी पडलेली साखर शेजारच्या थप्पीआधी धरते. स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्के चुकतात. मिठाची ओलसर लापशी बाटलीच्या झाकणात घेऊन हायग्रोमीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 दाखवायला हवं. जो फरक येईल तो त्याच्या अंगावर पेनने लिहून ठेवा.

आता हॉपर. तुमच्या कारखान्याचा हिशोब करू. 2500 टन गाळप, 11 टक्के उतारा (उसातून मिळणारी साखर) धरला तर दिवसाला 275 टन, म्हणजे ताशी साडेअकरा टन साखर. ती हॉपरच्या गार हवेच्या भागात 60 अंशांवर आली आणि 38 वर न्यायची आहे. साखरेची विशिष्ट उष्णता 1.25 धरली तर ताशी तीन लाख पंधरा हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता काढायची. गार हवा 28 अंशांना आत येऊन सरासरी 42 ला बाहेर पडत असेल, तर साडेबावीस हजार किलो, म्हणजे ताशी सुमारे 19 हजार घनमीटर हवा लागते. आता तुमच्या ब्लोअरची नेमप्लेट बघा. आणि नेमप्लेटवर थांबू नका. फिल्टर जाळी चोंदलेली, ट्रेची भोकं साखरेने बंद, पट्टा सैल, असं असेल तर प्रत्यक्षात निम्मीच हवा मिळते. ट्रेखालच्या हवेचा दाब पाहणारा पाण्याचा साधा यू-ट्यूब (यू आकाराची काचेची नळी) कायमचा लावून ठेवा.

हवा घेता कुठून, हे त्याहून महत्त्वाचं. अनेक ठिकाणी गार हवेच्या ब्लोअरचं तोंड शुगर हाऊसच्या आतच असतं. तिथे पॅन आणि इव्हॅपोरेटरची वाफ, 40 अंशांची दमट हवा. ती 'गार हवा' म्हणून साखरेवर सोडायची आणि साखर गार का होत नाही म्हणून विचारायचं! सक्शन भिंतीबाहेर, उत्तरेच्या बाजूला, बगॅसच्या यार्डापासून लांब न्या. पत्र्याच्या डक्टचं काम आहे, बंद हंगामात दोन आठवड्यांत होतं. यावर होणाऱ्या खर्चाएवढी परतफेड साखर विभागात दुसऱ्या कशाची क्वचितच होते.

मात्र हे परिस्थितीवर अवलंबून आहे. डिसेंबर-जानेवारीत बाहेरची हवा 20 ते 28 अंश, तेव्हा नुसती बाहेरची हवा पुरते. मार्चच्या दुपारी तुमच्या भागात 38 अंश असते, मग साखर 42-43 च्या खाली येणं शक्यच नाही. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबत असेल तर कूलिंग कॉइल लागेल. तिथे एक चूक हमखास होते: हवा नुसती गार करून थेट साखरेवर सोडतात. कॉइलमधून निघालेली हवा जवळजवळ संपृक्त असते, 95 टक्क्यांच्या घरात. ती साखर ओली करते. हवा आधी 12 अंशांपर्यंत गार करून तिच्यातलं पाणी गाळायचं, मग गरम कॉइलवरून किंवा निदान ब्लोअरच्या पुढे थोडी तापवून 25 अंशांच्या आसपास सोडायची. तेव्हा तिची आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास बसते. कॉइलची सोय नसेल तर दुपारची साखर वेगळी थप्पी करून आधी विका, आणि रात्रपाळीची साखर पावसाळ्यासाठी ठेवा. याला पैसा लागत नाही, फक्त पोत्यावर शिफ्टचा शिक्का लागतो.

गरम हवेचं तापमान वाढवून गती मिळवायचा मोह टाळा. हॉपरचा भार कमी करायचा असेल तर तो सेंट्रिफ्युगलवर करा. धुलाईनंतरची फिरकी कमी केली की बॅच लवकर सुटते, पण साखर 0.5 ऐवजी 1 टक्का ओलाव्याने बाहेर पडते, म्हणजे हॉपरला दुप्पट पाणी उडवायचं. धुलाईच्या पाण्याची फवारणी एकसारखी आहे का ते बास्केटमधल्या साखरेच्या भिंतीवर दिसतं: पिवळसर आडवे पट्टे म्हणजे एखादा नोझल चोंदलाय. त्या पट्ट्यातली साखर पुढे गोळ्याचं बीज होते.

पॅनवरही बघा. पॅन घाईने ओढला आणि अतिसंपृक्तता (पाकात मावेल त्यापेक्षा जास्त साखर) फार वर गेली की खोटा रवा, म्हणजे नको असलेला नवा बारीक रवा पडतो. तो बारीक रवा पाक धरून ठेवतो, सेंट्रिफ्युगलमधून पाक सहज निघू देत नाही आणि शेवटी भुकटी म्हणून ग्रेडरवर दिसतो. तुमच्या मजल्यावरची भुकटी पॅनमधली आहे की फुटलेली, हे भिंगाखाली दहा मिनिटांत कळतं. खोट्या रव्याला कडा आणि पैलू असतात, फुटलेला चुरा वेडावाकडा, काचेच्या तुकड्यांसारखा दिसतो. दोन-तीन रवे एकमेकांत वाढलेले दिसले तर तेही वाईटच, त्यांच्या सांध्यात पाक अडकतो आणि हॉपरवर ते निघत नाही.

चुरा बहुतेकदा पुढे होतो. एलेव्हेटरच्या बादल्या जास्त वेगाने फिरून साखर झाकणावर आदळते. बूटमध्ये (एलेव्हेटरच्या तळाच्या पेटीत) साखर साचून बादल्या ती खरवडत जातात. ग्रेडरपासून बिनमध्ये साखर चार-पाच मीटर मोकळी पडते. साखर पडू नये, घसरावी. बिनमध्ये उताराची शूट बसवा, बिन कधीच पूर्ण रिकामा करू नका, तिसरा हिस्सा भरलेला ठेवला की साखर साखरेवर पडते. स्क्रू कन्व्हेयर कुठे असेल तर तो काढून बेल्ट टाका. ग्रेडरची खालची बारीक जाळी फाटलेली नाही ना, ते आठवड्याला उघडून पाहा. फाटलेल्या जाळीचा ग्रेडर आवाज तेवढाच करतो, पण भुकटी वेगळी न होता सरळ पोत्यात जाते. वेगळी झालेली भुकटी मेल्टरला (साखर पुन्हा विरघळवायच्या टाकीला) जायला हवी. ती 'वाया जाऊ नये' म्हणून शेवटच्या पोत्यांत मिसळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, आणि ती पोती सगळ्यात आधी दगड होतात.

धूळ ओढण्याचं पाहू. एका पोत्यात 50 किलो साखर गेली की तिने सुमारे 60 लिटर हवा बाहेर ढकलली, भुकटीसकट. पोतं भरण्याच्या तोंडाला गोल झालर आणि तिला सक्शन नसेल तर ती सगळी हवा पोतं धरणाऱ्या माणसाच्या तोंडावर येते. हूड धुळीच्या उगमाला लागून हवा. छताजवळचा पंखा धूळ फक्त जास्त लांब पसरवतो. हूडच्या उघड्या तोंडाशी सेकंदाला एक मीटरच्या आसपास वेग पुरे. जास्त ओढलं तर चांगली साखर जाते. पण डक्टमध्ये मात्र सेकंदाला 18 ते 20 मीटर वेग ठेवा, नाहीतर भुकटी डक्टच्या तळाशी बसते आणि दमट दिवशी तिथेच थापली जाते. आडवे डक्ट कमी करा, प्रत्येक वळणाला उघडायचं झाकण ठेवा.

धूळ पकडायला वेट स्क्रबर (पाण्याच्या फवाऱ्याने पकडणारा) की बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांनी गाळणारा), हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विक्रेता नक्की आणेल. साखर कारखान्यात मी स्क्रबरच्या बाजूचा आहे. पकडलेली साखर गोड पाणी म्हणून मेल्टरला परत जाते आणि हॉपरच्या दमट हवेने बॅगा चोंदत नाहीत. त्याचे दोन दोष लक्षात ठेवा. जिथे कोरडी हवा पहिल्यांदा पाण्याला भेटते तिथे साखरेचा कडक कंगोरा वाढतो आणि आठवड्यात तोंड अर्धं बंद होतं. तिथे फवाऱ्याची गोल रिंग लागते. आणि गोड पाणी शिळं होऊ द्यायचं नाही, प्रत्येक शिफ्टला मेल्टरला सोडायचं. ते बुळबुळीत व्हायला लागलं की वास आधी सांगतो.

धुळीला नुसती घाण समजू नका. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ इथल्या इंपीरियल शुगरच्या रिफायनरीत 7 फेब्रुवारी 2008 ला साखरेच्या धुळीचा स्फोट झाला, 14 कामगार गेले. सायलोखालचा बेल्ट कन्व्हेयर पत्र्याने बंद केला होता आणि त्या बंद जागेतून धूळ काढण्याची सोय नव्हती. पहिला स्फोट तिथे झाला. त्याच्या धक्क्याने इमारतभर तुळयांवर, मजल्यांवर साचलेली भुकटी उडाली आणि मग एकामागून एक स्फोट होत गेले. म्हणून झाकण घालणार असाल तर सक्शनसकट घाला. तुळयांवरची भुकटी कॉम्प्रेस्ड हवेने उडवणं आजच बंद करा, त्याने ती फक्त दुसऱ्या तुळईवर बसते आणि मधल्या काळात हवेत ढग असतो. व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने काढा. थर पेपरक्लिपच्या तारेएवढा जाड झाला की साफसफाईला उशीर झालेला आहे. एलेव्हेटरच्या बेअरिंगला रोज हात लावून किंवा थर्मामीटरने पाहा. वेल्डिंगआधी मशीन थांबवून त्या भागाची सगळी भुकटी काढल्याशिवाय परवानगी देऊ नका.

इथवरचा क्रम असा धरा: आधी तापमान आणि बरणीची चाचणी, मग गार हवेचं तोंड, मग फिरकी आणि नोझल, मग चुरा होणाऱ्या जागा, आणि सक्शन त्याच्या बरोबरीने. गोडाऊन याच्या नंतर. पण तुमची यंदाची साखर आधीच गोडाऊनमध्ये आहे आणि 2018 पासून दर महिन्याला किती विकायची ते केंद्राचा कोटा ठरवतो, म्हणजे काही थप्प्या दिवाळीपर्यंत राहणारच. म्हणून तेही सांगतो.

दारं उघडायची की नाही, हे ऊन बघून ठरवू नका, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव म्हणून बसतं) बघून ठरवा. ऑगस्टच्या सकाळी बाहेर 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 25 च्या वर असतो. आतली पोती 26 अंशांना असतील तर ती हवा पोत्याला लागताच तिची आर्द्रता 95 पर्यंत जाते. गाडी भरायला दार दोन तास सताड उघडं ठेवलं, एवढ्याने दाराजवळच्या थप्पीचं काम होतं. दाराला जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा, एकाच दारातून भरा, आणि दाराजवळची थप्पी आधी संपवा. उलट ऑक्टोबरच्या दुपारी 32 अंश आणि 45 टक्के असेल तर दवबिंदू 19 च्या आत असतो, तेव्हा हवा खेळवायला हरकत नाही. अट एकच: पोती आधीच मऊ, ओलसर झालेली असतील तर ती जागच्या जागी वाळू देऊ नका. थप्पी पलटत वाळवा, म्हणजे पूल बांधले जाण्याआधीच मोडतात. हमालीचा खर्च होतो, पण साखर पुन्हा वितळवण्यापेक्षा तो परवडतो.

थप्पी भिंतीपासून दीड फूट सुटी, खाली लाकडी फळ्या आणि त्यांच्याखाली जाड पॉलिथिन, सांधे हातभर एकावर एक. नव्या हंगामाची साखर 38 अंशांच्या वर असेल तर थेट मोठी थप्पी लावू नका. चार-पाच थरांच्या छोट्या रांगा, मध्ये वारा जाईल एवढी वाट, आणि दोन-तीन दिवसांनी मोठी थप्पी. तापमान पोत्याच्या वरून गनने घेऊ नका, साल गारच असते. लांब दांड्याचा थर्मामीटर शिलाईतून वीतभर आत खुपसा आणि दहा मिनिटं थांबा.

पोत्याला आतून लायनर (प्लॅस्टिकची पातळ पिशवी) घालावं का? साखर गार आणि समतोल आर्द्रता 65 च्या आत असेल तर जरूर, पावसाळा बाहेर राहतो. गरम साखरेला लायनर घातलं तर वाफ आतच कोंडते आणि गोळे महिन्यात दिसतात. तागाचं पोतं श्वास घेतं, पण तो माल स्वतःच पाणी धरतो. 65 टक्के आर्द्रतेलाच त्यात 13-14 टक्के पाणी असतं. तागाची रिकामी पोती हॉपर हाऊसच्या कोपऱ्यात वाफेत ठेवू नका, कोरड्या खोलीतून शिफ्टपुरतीच आणा.

राहिली ती दगड झालेली पोती. हातोडा किंवा पोतं वारंवार आपटणं बंद करा. गोळा फुटतो खरा, पण चुरा होतो आणि तो महिन्याभरात पुन्हा धरतो, तेही जास्त कडक. कमरेएवढ्या उंचीवरून एकदा टाकून जी सुटतात ती चाळून, भुकटी काढून, त्याच महिन्याच्या कोट्यात विका, परत थप्पीला लावू नका. जी सुटत नाहीत ती मेल्टरची. पण वितळवायला वाफ लागते आणि ऑगस्टमध्ये बॉयलर बंद. म्हणून ती पोती वेगळी, फळ्यांवर, वर ताडपत्री घालून ठेवा आणि हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात नाही, पॅन स्थिर झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात 60 ते 65 ब्रिक्सला (म्हणजे पाकात तेवढे टक्के विरघळलेला भाग) वितळवून थोडी थोडी घ्या. एकदम घेतली तर रंगाचा हिशोब बिघडतो आणि पॅनमनची घाई होते. घाईत खोटा रवा पडला की पुढच्या ऑगस्टचं काम तिथेच सुरू होतं.

तारखा आणि लॉटची यादी झाली, बरणीचा आकडा आला आणि गार हवेच्या सक्शनची जागा कळली, की इथेच लिहा. त्यावरून कॉइल घ्यायची की नुसता डक्ट पुरेल, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल.